अल्टोची पिढी आधी ओळखा, मग गाडी तपासा

आरसीवर २००५ साल असलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या करा: एक मारुती ८००, दुसरी मारुती अल्टो. कंपनी एकच, इंजिन दोन्हीकडे ७९६ सीसी, सिलिंडर तीन-तीन. तरीही ८०० चा सांगाडा १९८४ साली जपानमध्ये आलेल्या सुझुकी अल्टोचा आहे आणि अल्टोचा सांगाडा १९९८ च्या अल्टोचा. दोघींमध्ये चौदा वर्षांचं अंतर आहे. म्हणूनच एकीचे दरवाजे, काचा, सस्पेन्शन दुसरीला बसत नाहीत, आणि दोघी बिघडतातही वेगवेगळ्या जागी.

जुनी गाडी बघायला गेल्यावर पहिला प्रश्न असतो "कुठल्या सालची?" या घराण्यातल्या गाडीबाबत तो प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न "कुठल्या पिढीची?" हा असू द्या. पिढी कळली की काय तपासायचं, काय सुटं मिळेल आणि कुठला खर्च अंगावर येईल हे बऱ्याच अंशी कळतं.

सोबत आरसी, पाच मीटरची टेप, टॉर्च, एक लहान चुंबक आणि हात पुसायला फडकं ठेवा. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघा. मालकाने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा, कारण निम्म्या तपासण्या थंड इंजिनावरच होतात.

इंजिन नंबराची पहिली अक्षरं

आरसीवर इंजिन नंबर रोमन लिपीत असतो. त्याची सुरुवात वाचा.

एफ८बी ने सुरू होत असेल तर मारुती ८००. बारा व्हॉल्व्हचं एफ८डी म्हणजे २००० नंतरची ७९६ सीसी अल्टो, आणि २०१२ पासूनची अल्टो ८०० सुद्धा; काही काळ निघालेल्या बारा व्हॉल्व्हच्या मारुती ८०० मध्येही हेच. एफ१०डी हे १०६१ सीसीचं, अल्टोच्या मोठ्या इंजिनाच्या व्हीएक्स मॉडेलचं. जी१०बी म्हणजे ९९३ सीसीची झेन. के१०बी म्हणजे ९९८ सीसी, ते ए-स्टार आणि २०१० नंतरच्या अल्टो के१० मध्ये मिळतं. २०२२ च्या के१० मध्ये त्याची पुढची आवृत्ती के१०सी आहे.

मग बोनेट उघडा आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर आरसीशी अंक-अंक ताडून पाहा. ८०० मध्ये इंजिन बदललेल्या गाड्या बऱ्याच फिरतात. बदल आरसीवर नोंदलेला नसेल तर नावावर करताना तोच अडथळा ठरतो, त्यामुळे अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी आधी नोंद करून द्यायला सांगा.

टेप लावून व्हीलबेस मोजा

गाडी सपाट जागी उभी करा, स्टेअरिंग सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. २१५० मिलिमीटर आलं तर १९८३ ते ८६ ची पहिली ८००. २१७५ आलं तर १९८६ नंतरची ८००. २३३५ म्हणजे झेन. २३६० म्हणजे २००० ची अल्टो, २०२२ च्या आधीच्या के१०, अल्टो ८०० किंवा ए-स्टार. २३८० म्हणजे २०२२ ची के१०.

२३६० च्या गटात गोंधळ होतो, तिथे लांबी-रुंदी बघा. ए-स्टार १६०० मिमी रुंद आहे, बाकीच्या पंधराशेच्या आसपास. २०१० च्या के१० ची लांबी ३६२० मिमी, तर २००० च्या अल्टोची ३४९५. के१० चं नाक लांब आहे, पण अंग त्याच अल्टोचं.

हे माप दोन्ही बाजूंनी घ्या. दोन्हीकडे चार-पाच मिमीचा फरक आला तर दुर्लक्ष करा. पंधरा-वीस मिमीचा फरक आला तर गाडी पुढून किंवा बाजूने जोरात ठोकली गेली आहे, किंवा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकला आहे असं धरा. रंग कितीही चकचकीत असला तरी टेपच्या मापावर विश्वास ठेवा.

जपानमध्ये या पिढ्या का बदलल्या

अल्टो ही जपानची केई गाडी. केई म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मापात बसणारी छोटी गाडी. खासगी केईची नंबर प्लेट पिवळी असते आणि कर कमी. १९७६ पासून ही मर्यादा ५५० सीसी, ३.२ मीटर लांब, १.४ मीटर रुंद अशी होती. १९९० मध्ये ती ६६० सीसी आणि ३.३ मीटर झाली, आणि ऑक्टोबर १९९८ पासून ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद. अल्टोच्या पिढ्यांमागे हे नियम आणि करांचे बदल उभे आहेत. ते लक्षात ठेवले की साल पाठ करावं लागत नाही.

पहिली पिढी मे १९७९ ची. किंमत ४,७०,००० येन, आणि तीही देशभर एकच. त्या आधी कारखान्यापासून जितकं दूर तितकी गाडी महाग असायची. इतकी कमी किंमत कशी जमली? प्रवासी केई गाडीवर साडेपंधरा टक्के वस्तुकर होता, मालवाहू गाडीवर नव्हता. सुझुकीने अल्टोची नोंदणी मालवाहू व्हॅन म्हणून केली. नियमाप्रमाणे मालाची जागा प्रवाशांपेक्षा मोठी हवी, म्हणून मागची सीट नावापुरती राहिली. पण गाडी घेणारे बहुतेक जण एकटे-दुकटे कामावर किंवा बाजाराला जाणारे होते, त्यांचं काही अडलं नाही. नावातही गंमत आहे: जपानीत 'आरु तो' म्हणजे 'असली तर'. "असली तर सोयीची" ही ओळख तिथून आली. ओसामू सुझुकी १९७८ साली कंपनीचे अध्यक्ष झाले होते. दुसऱ्यांपेक्षा थोडी चांगली गाडी आणण्यापेक्षा गिऱ्हाइकाला नेमकं काय लागतं तेवढंच देण्याचा त्यांचा हा निर्णय होता, आणि छोट्या गाडीच्या इतिहासात इतका नेमका हिशेब क्वचितच दिसतो.

सुरुवातीचं इंजिन ५३९ सीसीचं टू-स्ट्रोक, २८ पीएस (अश्वशक्ती). १९८१ मध्ये ५४३ सीसीचं फोर-स्ट्रोक आलं. परदेशी पाठवायच्या गाडीत ७९६ सीसीचं एफ८बी बसवलं, तिचा कोड एसएस८०. भारतात १४ डिसेंबर १९८३ रोजी हरपाल सिंग या पहिल्या गिऱ्हाइकाला इंदिरा गांधींच्या हस्ते जिच्या किल्ल्या मिळाल्या, ती हीच.

दुसरी पिढी सप्टेंबर १९८४ ची. १९८७ मध्ये तिच्यातून अल्टो वर्क्स निघाली: ५४३ सीसी, टर्बो, बारा व्हॉल्व्ह, ६४ पीएस. केई गाडीने ६४ पीएसच्या पुढे जायचं नाही हा जपानी कंपन्यांचा संकेत तिथूनच बसला. निर्यातीचा कोड एसबी३०८. भारतात ही १९८६ ला आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. पाकिस्तानात हीच गाडी मेहरान नावाने २०१९ पर्यंत चालली. ज्या मायदेशात ती चार वर्षांत बंद झाली, तिथल्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं.

तिसरी पिढी १९८८ ची. १९८९ मध्ये वस्तुकर जाऊन तीन टक्के उपभोग कर आला, त्यामुळे व्हॅन म्हणून नोंद करण्याचा फायदा आटला आणि अल्टो प्रवासी गाडी म्हणूनही आली. १९९० मध्ये तिला ६५७ सीसीचं इंजिन मिळालं. ही पिढी भारतात अल्टो म्हणून आली नाही. १९९३ ची झेन मात्र तिच्या नात्यातल्या सेर्व्हो मोडवरून बनली, आणि युरोपात ती सुझुकी अल्टो या नावानेच विकली गेली. चौथी पिढी नोव्हेंबर १९९४ ची. तिचा आपल्याशी संबंध नाही.

पाचवी पिढी ऑक्टोबर १९९८ ची, नव्या मापाची. हीच सप्टेंबर २००० मध्ये मारुती अल्टो म्हणून भारतात आली. त्यानंतर दोन्ही देशांच्या वाटा फुटल्या. जपानमध्ये २००४, २००९, २०१४ आणि २०२१ मध्ये सहावी ते नववी पिढी आली. भारतात २००८ ची ए-स्टार, २०१२ ची अल्टो ८०० आणि २०२२ ची के१० या जपानच्या कुठल्याच पिढीच्या नकला नाहीत. त्यामुळे इंटरनेटवर जपानी अल्टोचा सुटा भाग स्वस्त दिसला तरी २०१२ नंतरच्या भारतीय गाडीसाठी मागवू नका.

मारुती ८००, पहिली: एसएस८०

खाली वाकून मागचं सस्पेन्शन बघा. पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, दिसले तर एसएस८०. कॉइल स्प्रिंग दिसली तर १९८६ नंतरची. आरसीवर काहीही लिहिलेलं असो, ही खूण चुकत नाही.

ही गाडी आता जपून ठेवण्यासाठीच घ्यावी. इंजिनाचे भाग मिळतात, कारण एफ८बी पुढे तीस वर्षं बनलं. काचा, दिवे, बंपर, डॅशबोर्ड, काचेची रबरं मिळत नाहीत. म्हणून या गाडीत इंजिन खराब असलं तरी चालेल, पण काचा आणि दिवे शाबूत हवेत. बहुतेक जण नेमकं उलट बघतात.

मारुती ८००, दुसरी: एसबी३०८

बोनेट उघडल्यावर इंजिनच्या डोक्यावर एअर फिल्टरचा गोल चपटा डबा आणि डॅशबोर्डवर चोकची घुंडी असेल तर कार्ब्युरेटरवाली. २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत, आलं. काही काळ बारा व्हॉल्व्ह आणि पाच गिअरची ८०० ही निघाली होती. ती चालवायला या सगळ्यांत सरस, पण तिच्या हेडचे भाग साध्या ८०० ला लागत नाहीत, म्हणून शोधाशोध करावी लागते.

पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघड-मीट होऊन ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्टच्या) जुन्या गाडीत पिकअप गेला, गाडी गरम होऊ लागली, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी पॉइंट बघा. पॉइंटची टाच घासत जाते तसं अंतर कमी होतं, अंतर कमी झालं की ठिणगी उशिरा पडते, आणि उशिरा पडलेल्या ठिणगीने ताकद कमी, उष्णता जास्त. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकला, पॉइंट पूर्ण उघडले की थांबा. फीलर गेजने ०.४ ते ०.५ मिमी अंतर ठेवा, स्क्रू आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना ते हमखास सरकतं. स्पार्क प्लगचं अंतर ०.७ ते ०.८ मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-२. वायरी काढून परत लावताना दोन नंबरची आणि तीन नंबरची अदलाबदल झाली की गाडी एका सिलिंडरवर धापा टाकते. ही चूक गॅरेजमध्येही होते.

व्हॉल्व्हची टकटक ऐकू आली तर थंड इंजिनावर क्लिअरन्स ०.१३ ते ०.१८ मिमी ठेवा. आवाज अगदी बंद करायच्या नादात याहून घट्ट करू नका. घट्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. थोडी टकटक चालेल.

तीनपैकी एक सिलिंडर बंद असेल तर अख्खी गाडी थरथरते. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत जाड रबरी हातमोजे घालून एकेका प्लगची वायर क्षणभर काढून बघतात; जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. एमपीएफआय गाडीत असं करू नका, इग्निशन कॉइल जाऊ शकते. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढून तीच चाचणी करा.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे डायफ्राम त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग तडकतात. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या एकदम बदला, क्लॅम्पसकट. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जेट गंजतो.

पत्रा, विशेषतः कोकण-गोव्यातल्या गाडीचा

इंजिन परत बांधता येतं, पत्रा नाही. ८०० मध्ये आणि पहिल्या अल्टोमध्ये खालच्या जागा या क्रमाने बघा.

पुढच्या दोन्ही मॅट उचला. काचेच्या खालच्या रबरातून किंवा काउलमधून (काचेखालच्या जाळीच्या भागातून) पाणी आत येतं आणि पायाखालच्या फेल्टमध्ये साचतं. फेल्ट ओला लागला तर खालचा पत्रा सडलेला धरा. मग बोनेटखाली दोन्ही बाजूंना पुढचे शॉकअप जिथे वर बोल्टने बांधलेले असतात ती वाटी. तिथे पत्रा फुगलेला, तडकलेला किंवा वरून तुकडा जोडलेला दिसला तर सौदा तिथेच सोडा. खड्ड्यात तोच पत्रा भार घेतो. बॅटरीखालची ट्रे ॲसिडने खाल्लेली असते, तिच्या खाली चासीचा पत्रा आहे का ते टॉर्चने बघा. दाराखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा शेवटी.

चुंबक फडक्यात गुंडाळून दाराखाली आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आत पुट्टी आहे. मूठभर जागेत पुट्टी असणं वीस वर्षांच्या गाडीला क्षम्य, पण अख्खी कमान पुट्टीची असेल तर दोन पावसाळ्यांत ती खाली येईल. रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या गाडीत हवेतल्या खारेपणाने खालची बाजू आधी जाते, वरून काही दिसत नाही. लिफ्टवर चढवल्याशिवाय अशी गाडी घेऊ नका.

गाडी गरम होते: कारण शोधायचा क्रम

एफ८बी चा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन्ही धातू गरम झाल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात. तापमानाचा काटा लाल रेघेवर जाऊनही गाडी चालवत राहिलं की हेड वाकतं आणि हेड गास्केट जातं. म्हणून घेताना ही तपासणी टाळायची नाही.

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर शंका घ्या. इंजिन ऑइल टाकायच्या झाकणाची आतली बाजू बघा. चहावरच्या सायीसारखा पिवळट लगदा असेल तर पाणी तेलात मिसळतंय. पावसाळ्यात फक्त दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ओलाव्याने असा थोडा थर नुसताच धरतो, म्हणून डिपस्टिकही बघा. तेल तिथेही दुधाळ असेल तरच गास्केटचा निष्कर्ष काढा. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा. पहिल्या मिनिटात चार-दोन बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. सतत बुडबुडे येत राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. पाणी तापायच्या आत झाकण लावून टाका; गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

आता झाकण लावून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. अर्ध्याच्या वर गेल्यावर रेडिएटरचा पंखा आपोआप फिरला पाहिजे आणि काटा खाली आला पाहिजे. पंखा फिरला नाही तर आधी फ्यूज, मग थर्मोस्विचचा कनेक्टर. जुन्या साध्या थर्मोस्विचच्या गाडीत कनेक्टर काढून त्याची दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर स्विच गेलेला, तो स्वस्त आहे. फिरला नाही तर मोटर किंवा रिले.

पंखा ठीक आहे, तरी घाटात गरम होते? मग रेडिएटर आतून बुजलेला. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं की क्षार नळ्यांत बसतात. रेडिएटर काढून साफ करून घ्या किंवा बदला, आणि पुढे कूलंट व डिस्टिल्ड पाणीच घाला. बॅटरीचा दिवा लागला आणि त्याच वेळी काटाही चढला, तर अल्टरनेटरचा बेल्ट तुटला किंवा सुटला; वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. लगेच बंद करा.

बरेच जण गरम होण्यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. मूळ दोष तसाच राहतो, वर इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल जास्त जातं, तेल लवकर खराब होतं. ॲव्हरेज अचानक कमी झालेल्या ८०० किंवा अल्टोमध्ये थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे आधी बघा.

टायमिंग बेल्ट की चेन

एफ८बी आणि एफ८डी दोन्हींमध्ये रबरी टायमिंग बेल्ट आहे. के१०बी मध्ये चेन आहे. हा फरक खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा.

बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरून त्याचा खर्च किमतीतून वजा करा. किलोमीटर कमी असले तरी रबर वयानेही तडकतं. बदलताना टेन्शनर, कॅमशाफ्टचं आणि क्रँकशाफ्टचं पुढचं ऑइल सील एकाच वेळी बदला. सील गळत असेल तर तेल नव्या बेल्टवर येतं आणि तो अर्ध्या आयुष्यात जातो. मजुरी तीच, सील शंभर-दोनशे रुपयांचं.

के१०बी ची चेन बदलावी लागत नाही म्हणून तेलाकडे दुर्लक्ष होतं, आणि तेल काळं, घट्ट झालं की चेन ताणणारा टेन्शनर नीट काम करत नाही. थंडीत सुरू केल्यावर दोन सेकंद खडखड येऊन थांबली तर तेल उशिरा बदललेलं आहे. गरम झाल्यावरही खडखड राहिली तर चेनचा संच लागेल, आणि मग बेल्टपेक्षा किती तरी जास्त पैसे जातात. ठरलेलं सगळं तेल एकदम ओतू नका. अडीच लिटर घालून डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं वाढवा. फिल्टर प्रत्येक वेळी नवा.

२००० नंतरच्या अल्टो आणि के१०

या गाड्या ८०० पेक्षा सांभाळायला सोप्या. टाकी ३५ लिटरची (८०० ची २८), पाच गिअर, भाग तालुक्याच्या गावीही मिळतात.

पुढची चाकं पूर्ण एका बाजूला वळवून गोल फिरवा. 'कट कट कट' आला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला. आधी रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, धूळ जाते, मग जॉइंट जातो. म्हणून फाटलेला बूट दिसताच तो बदलावा, जॉइंट वाचतो. साठच्या वेगाला घोंघावणारा आवाज येतो आणि वळणावर बदलतो, ते व्हील बेअरिंग. खड्ड्यात पुढून 'ठक' येतं ते बहुधा लोअर आर्मचं बुश.

के१० मध्ये प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल आहे. एखादी गेली की चेक लाइट लागतो, गाडी धक्के देते. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. दोषही तिच्याबरोबर सरकला तर कॉइलच. तीनही बदलायची गरज नाही.

ए-स्टार घेताना एक जास्तीचं काम: २०१० मध्ये इंधन पंपाच्या गास्केटमधून गळती होत असल्याने सुमारे १ लाख ए-स्टार कंपनीने परत बोलावल्या होत्या. २००९ पर्यंतची गाडी असेल तर ते काम झालं का विचारा आणि मागची सीट उचलून पेट्रोलचा वास येतो का बघा.

ऑटो गिअर शिफ्टच्या के१० मध्ये क्लच साधाच आहे, फक्त तो यंत्र दाबतं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्याच्या हातात क्लच लवकर जळतो. चाचणीत चढावर थांबा आणि पुन्हा निघा. जळका वास किंवा मोठा धक्का आला तर क्लचचा खर्च धरा.

कागद

खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, फॉर्म २५ वर, मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. आरटीओत तपासणी होते आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. शुल्क जुन्या गाड्यांसाठी बरंच वाढलं आहे, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा आकडा परिवहनच्या संकेतस्थळावर बघूनच किंमत ठरवा. आरसीची मुदत संपलेली ८०० 'नंतर करून घेऊ' म्हणून घेऊ नका. नूतनीकरण आधीच्या मालकाच्या नावावर करून मगच नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ हा धुराचा निकष लागू झालेल्या तेरा शहरांत नवी ८०० विकणं थांबलं. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. म्हणून २०१० नंतरची, कमी वयाची ८०० हवी असेल तर त्या शहरांच्या बाहेरच्या पासिंगमध्ये शोधा.

दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदीची अडचण असल्याने तिथल्या अल्टो स्वस्तात इकडे येतात. कोरड्या हवेमुळे त्यांचा पत्रा अनेकदा चांगला असतो. फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय आणि महाराष्ट्राचा रस्ता कर किती बसेल ते मोजल्याशिवाय मात्र पैसे देऊ नका.

जपानमध्ये राहणाऱ्यांनी

तोक्यो-योकोहामाकडच्या मराठी मंडळींना जुनी अल्टो घ्यायची असेल तर तिथे चासी क्रमांकच पिढी सांगतो. एचए२३ म्हणजे पाचवी, २४ सहावी, २५ सातवी, ३६ आठवी, ३७ आणि ९७ नववी. आठवी पिढी घ्या. तिचं सगळ्यात हलकं मॉडेल ६१० किलोचं आहे, आर०६ए इंजिनला चेन आहे, भाग भरपूर. जुन्या एफ६ए इंजिनला बेल्ट आहे, के६ए ला चेन. घेताना इंजिनाचा कोड विचारा.

शाकेन, म्हणजे सक्तीची तपासणी, दर दोन वर्षांनी. किंमत बघताना शाकेन किती महिने शिल्लक आहे ते बघा, नाहीतर स्वस्त गाडी पहिल्याच महिन्यात महाग पडते. प्रवासी केईचा वार्षिक कर १०,८०० येन (एप्रिल २०१५ आधीच्या नोंदणीला ७,२००), तेरा वर्षांनंतर १२,९००. चासी कोडच्या शेवटी एस असेल तर प्रवासी, व्ही असेल तर मालवाहू व्हॅन. व्हॅनचा कर कमी, ५,००० येन, पण मागची सीट पातळ आणि ताठ. तिच्यावर आईवडिलांना घेऊन हाकोनेपर्यंतही (तोक्योजवळचं फिरायचं ठिकाण) जाऊ नये. होक्काइदो किंवा निइगाताकडून आलेली गाडी असेल तर बर्फावर टाकलेल्या मिठाने खालचा पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या खाल्लेल्या असतात. विक्रेत्याला लिफ्टवरचे खालच्या बाजूचे फोटो मागा, आणि त्यात काळा ताजा रंग मारलेला दिसला तर तो रंग खरवडून बघितल्याशिवाय सही करू नका.